शेपटीतली मोटर

"मग ती मोटर आपोआप तयार झाली म्हणता, बाबा?"

दस्तगीर फकिराने मान वर केली नाही. दर्ग्याच्या ओसरीत पटकीचे रोगी ओळीने निजले होते. दवाखान्याची गाडी पुराच्या पाण्यापलीकडे अडकली होती. फकीर तांबोळ्यांच्या लहानग्या झुलेखाच्या ओठांत मीठ-साखरेचं पाणी चमच्याने सोडत होता.

"मी काहीच म्हणालो नाही, विद्याधर."

हेच तर विद्याधरला झोंबत होतं. तो जीवशास्त्राचा प्राध्यापक आणि बाबांचा जुना शिष्य. त्याच्या व्याख्यानांना सभागृहं भरत. जंतूच्या शेपटीच्या मुळाशी चिमुकली मोटर असते, तिला आस असतो, ती गरगर फिरते. असं यंत्र कुणी घडवल्याशिवाय होईल का, असं त्याने विचारलं की लोक हात जोडत. आणि ज्याने जन्मभर अल्लाचं नाव घेतलं, तो म्हातारा मात्र गप्प!

"तुमच्या देवाचा पुरावा घेऊन आलोय मी," तो कडाडला. "निदान ऐकून तरी घ्या!"

"कुठल्या जंतूला असते ही मोटर?"

"पुष्कळांना. पटकीच्यासुद्धा. तिच्याच जोरावर तो आतड्यात पोहत..."

त्याची नजर झुलेखाकडे गेली.

फकिराने झुलेखाच्या अंगाखालचं घमेलं ओढलं आणि त्याच्या हातात दिलं.

"जपून ने. आत कारागिरी आहे."

विद्याधरचा चेहरा लाल झाला. पण झुलेखाची आई बघत होती. तो मुकाट्याने गेला, घमेलं खड्ड्यात रिकामं केलं, वर चुना टाकला, हात धुतले.

परत आला, तेव्हा फकीर चमचा खाली ठेवत होता. आई पोरीचे तळवे चोळत होती. चोळतच राहिली...

विद्याधर तरातरा अंगणात आला. त्याने आभाळाकडे तोंड केलं.

"कशाला रे बनवलीस? एवढी अक्कल लावून, एवढी नेमकी... या पोरीसाठी? लाज नाही वाटली तुला?"

मागे पावलं वाजली. फकीर ओले हात पुसत उभा होता. विद्याधरने चटकन मान खाली घातली.

"थांबलास का?" फकीर म्हणाला. "आज पहिल्यांदाच त्याच्याशी बोलतोयस."