मलकाआत्यानं थांबवलेला मलिदा

फार फार वर्षांपूर्वी खाडीकाठच्या सोनवळ गावात मलकाआत्या राहायची. ती शनवारतेल्यांच्या घरची. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, एकाच देवाला मानणारे हे बेने इस्राएल लोक. त्यांच्यात नवस फेडायचा तर एलियाहू नबीच्या, म्हणजे पांढऱ्या घोड्यावरून येणाऱ्या प्रेषिताच्या, नावानं मलिदा करायचा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. आणि सोनवळात तो कालवायचा मलकाआत्यानंच. तिच्या हातचा घास खाल्ला की रुसलेल्या सासवासुद्धा हसायच्या, असं म्हणतात.

त्याच गावात हस्केलजी होता. देवभोळा माणूस, एक प्रार्थना चुकवायचा नाही. पण त्या वर्षी पाऊस कमी झाला, तसा त्यानं वहाळाला आडवा बांध घातला आणि सगळं पाणी आपल्या नारळाच्या वाडीकडे वळवलं. खालच्या आळीची विहीर आटली. तिथल्या बाया कोसभर चालून पाणी आणू लागल्या. हस्केलजीचे माड मात्र नारळांनी लगडले. त्या आनंदात त्यानं मोठा मलिदा घातला आणि सगळ्या गावाला आवतण दिलं.

मंडळी सकाळीच जमली. परातीत पोह्यांचा डोंगर. मलकाआत्यानं पदर खोचला आणि म्हणाली, "पोहे भिजवायला पाणी आणा. खालच्या आळीच्या विहिरीचं."

गडी घागर घेऊन गेले आणि चिखल घेऊन आले.

"मग थांबू या," आत्या म्हणाली.

हस्केलजी गडबडला. "आत्या, आणखी शंभर नारळ फोडतो. चांदीचा दिवा लावतो. पण नबीला खोळंबवू नकोस!"

"देवाला खोबरं कमी पडलंय का रे? आपले जुने नबी घसा कोरडा करून कशासाठी ओरडले? देवाला तुमची गाणी नकोत, नैवेद्य नकोत, आधी गरिबाचा न्याय करा, म्हणून. पाणी येऊ दे. मी बसलेय इथंच."

दुपार झाली. गुळाला मुंग्या लागल्या. पाहुणे आधी चुळबुळले, मग एकमेकांकडे बघून हसू लागले. दारात खालच्या आळीची एक कोळीण उभी होती, कमरेवर रिकामी घागर. हस्केलजीची नजर तिच्या पायांवर गेली. टाचांना बोटभर भेगा. त्यानं कोपऱ्यातली कुदळ उचलली, बांधावर गेला आणि स्वतःच्या हातांनी बांध फोडला.

पाणी असं सुटलं की वाटेतल्या धोंड्यांनी बाजूला सरून वाट दिली. पाण्याच्या पुढं एक पांढरा घोडा दौडत होता आणि त्यावर बसलेला म्हातारा खदखदून हसत होता, असं म्हणतात. विहीर इतकी भरली की आत्यानं वाकून ओंजळीनं पाणी घेतलं. त्या एका परातीत तीन गावं जेवली, तरी तळ दिसला नाही. हस्केलजी खालच्या आळीच्या पंगतीत बसला आणि बोटं चाटत राहिला.

सोनवळात अजूनही मलिद्यावरचं फडकं काढण्याआधी घरातली सगळ्यांत म्हातारी बाई यजमानाला विचारते, "मलकाआत्या विचारतेय, कुणाचं काही अडवून ठेवलंयस का?" खरं उत्तर येईपर्यंत फडकं निघत नाही. मागच्या माघात एका गृहस्थांनी डोकं खाजवलं, माळ्यावरून शेजाऱ्याची शिडी काढली आणि खांद्यावर टाकून धावत सुटले. ते परत येईपर्यंत प्रार्थना थांबली होती.