एकपाखीचा वरचा पंख

अगदी खरी गोष्ट आहे, देवाशपथ! सांगणाऱ्यानं स्वतः डोळ्यांनी पाहिलेली. म्हणजे तेव्हा त्याचा जन्म व्हायचा होता, पण तेवढं चालतं.

विमानं नवी नवी होती आणि बोलत होती, त्या काळी खाडीकाठच्या मैदानावर सगळ्या विमानबाया दुमजली असत, पंखावर पंख. एके सकाळी त्यांच्या रांगेत एकाच मजल्याची एकपाखी येऊन उभी राहिली.

"अगं बाई! अशी उघड्या डोक्यानं आलीस?" थोरली दुमजली किंचाळली. "वरचा पंख कुठं सांडलास?"

"मला तो नाहीच, आत्याबाई."

सगळ्या हबकल्या. मालकानं तर बजावलंच होतं, आज उडाली नाही तर उद्या हिची लाकडं चुलीत. आत्याबाईंना दया आली.

"परवा आपटलेल्या वेणूचा पंख पडलाय, पोरी. तो डोक्यावर बांधून घे. एका मजल्यावर आजवर कुणी उडालंय का?"

एकपाखी घाबरून 'बांधा' म्हणणार, तेवढ्यात वरून घार ओरडली, "मग मी काय चालत येते का गं रोज?"

सगळ्यांनी वर पाहिलं. घारीला एकच मजला! वैमानिक चढताच एकपाखी धावत सुटली, उचलली गेली आणि खाडीपार झाली.

आता खरं सांगायचं, तर घारीचं बोलणं सांगणाऱ्याच्या पदरचं. ती अवाक्षर बोलली नव्हती. रोजच्यासारखी डोक्यावरून उडत होती, आणि त्या दिवशी एकपाखीनं वर पाहिलं, एवढंच.