खैरदऱ्याच्या विहिरीवरचा विसावा

त्या उन्हाळ्यात शांतवनबाबा खैरदऱ्याला मुक्कामाला होते. डोंगराच्या अलीकडे बसलेले हे लहानसे खेडे. पाऊस पलीकडच्या उतारावरच रिकामा होऊन जातो. इकडे ढग येतात ते नुसते तोंड दाखवायला. गावात ख्रिस्ती मंडळींची वस्ती होती आणि वस्तीच्या टोकाला दगडी भिंतींचे, कौलारू छपराचे प्रभूचे मंदिर. त्याच्या ओसरीत बाबांनी घोंगडी अंथरली होती. अंगात पांढरी कफनी, गळ्यात बाभळीच्या लाकडाचा क्रूस आणि जवळ एक एकतारी, एवढाच काय तो बाबांचा संसार!

बाबा पहाटे भजन करीत, दिवसभर आजाऱ्यांच्या घरी जात, भांडणे मिटवीत. पण दुपारी भाकरी खाल्ली की ते ओसरीत आडवे होत आणि आईच्या कुशीतल्या लेकरासारखे क्षणात झोपी जात. संतमाणसाने दुपारचे झोपावे याचे काहींना नवल वाटे. बाबांना मात्र त्यात लपवण्यासारखे काही वाटत नसे.

गावची जुनी विहीर त्या वर्षी पार आटली होती. बाया ओढ्याच्या पात्रात झरे उकरून वाटी वाटी पाणी भरत होत्या. म्हणून मंडळींनी मंदिरामागच्या माळावर नवी विहीर खणायला घेतली होती. मुरमाचा थर संपला, खाली काळा कातळ लागला, पण पाण्याचा टिपूस नव्हता. या कामाचे पुढारीपण होते शलमोनराव साळवे यांच्याकडे. शलमोनराव मंडळीचे पंच. शब्दाला वजन, अंगात ताकद आणि मनात भारी ताठा! कोंबडा आरवण्याआधी ते विहिरीवर हजर असत आणि अंधार पडल्यावर सगळ्यांच्या शेवटी घरी जात. "मला झोप लागत नाही, आणि लागायला नकोच," असे ते अभिमानाने सांगत. "झोप म्हणजे आळशी माणसाचा देव!"

विहिरीवर लहानू नावाचा एक दगडफोड्या होता. साधा, अक्षरशत्रू, मितभाषी. सोमवार ते शनिवार तो घण असा चालवायचा की बघणाऱ्याचे खांदे दुखावेत. पण रविवार आला की घण बाजूला. सकाळी उपासनेला यायचे, मोठ्या आवाजात गायचे, घरी जाऊन बायकोच्या, सगुणेच्या, हातची भाकरी खायची आणि लिंबाखाली अंग टाकायचे. मग उन्हे कलेपर्यंत लहानूला हाक मारून उपयोग नसे.

शलमोनरावांना हे सलत होते. चारचौघांत ते म्हणत, "आले बघा आपले झोपाळू भगत! लहानू, स्वर्गात तुझ्यासाठी सिंहासन नाही हो, बाज टाकून ठेवलीय!" लोक हसत. लहानूही ओशाळून हसे आणि मान खाली घाली.

एका शनिवारी संध्याकाळी काम थांबल्यावर शलमोनरावांनी विहिरीच्या काठावर उभे राहून सगळ्यांना सांगितले, "उद्या उपासना उरकली की सरळ इकडे यायचं. घरी जायचं नाही. पाणी लागेपर्यंत आता रविवार बंद!"

माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. सगळ्यांच्या हातांना घट्टे होते, डोळे खोल गेले होते. पण पंचांपुढे बोलणार कोण? शेवटी लहानूच पुढे आला.

"पंच, उद्या नगं," तो म्हणाला. "सोमवारी दुप्पट फोडतो. पर उद्या परभूचा वार हाय."

"परभूचा वार की तुझ्या घोरण्याचा?" शलमोनराव कडाडले. "बाया दोन कोस पाणी वाहतात आणि तू लिंबाखाली लोळणार? लाज नाही वाटत?"

"वाटती की," लहानू हळूच म्हणाला. "पर मी झोपलो तरी माझा बाप जागा असतो, पंच. त्याच्यावर सोपवून झोपतो."

"वा! म्हणजे देवानं राबायचं आणि यानं झोपायचं!"

आता मात्र हशा पिकला. बाबा तिथेच एका दगडावर बसून ऐकत होते. ते उठले आणि लहानूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शलमोना, सारी सृष्टी घडवून झाल्यावर देवानं विसावा घेतला. तो काय दमला होता? आपल्या लेकरांना थांबणं पवित्र वाटावं म्हणून थांबला तो. आणि आपले प्रभू येशू भर वादळात होडीत झोपले होते, ते आळशी होते का रे?"

"बाबा, प्रभूंची गोष्ट वेगळी," शलमोनराव म्हणाले. बाबांसमोर आवाज चढवायचा नव्हता, म्हणून त्यांनी तो दाबला होता एवढेच. "त्यांच्या एका शब्दानं वादळ शमलं. आमच्या शब्दानं पाणी लागत नाही. आम्ही थांबलो तर गाव मरेल."

"गाव तुझ्या खांद्यावर नाही, बाळा," बाबा म्हणाले. "सगळ्यांनी उद्या विसावा घ्या. ही माझी विनंती समजा."

बाबांचा शब्द कोण मोडणार? दुसऱ्या दिवशी उपासना झाली आणि माणसे आपापल्या घरी गेली. एकटे शलमोनराव तेवढे डोक्याला पागोटे गुंडाळून, पहार खांद्यावर टाकून विहिरीकडे निघाले. त्यांची मुलगी एस्तेर दारात आडवी आली. "अप्पा, दोन घास तरी खा. तुमचे डोळे बघा कसे लाल झालेत."

"बाजूला हो," ते म्हणाले. "सगळ्यांनी घोरत पडा. पाणी लागल्यावर घागरी घेऊन याल तेव्हा विचारीन एकेकाला!"

एस्तेरने त्यांना विहिरीत उतरताना पाहिले आणि ती डोळे पुसत घरात गेली.

दुपार झाली. उन्हाने माळ पांढरा पडला होता. घराघरांत माणसे झोपली होती, गुरेसुद्धा सावलीला मान टाकून बसली होती. लहानू लिंबाखाली निवांत होता. किती दिवसांनी त्या गावावर अशी शांतता उतरली होती!

आणि एकदम जमिनीतून गडगडाट झाला. भांडी फडताळातून खाली आली. कुत्री भुंकत सुटली. माणसे बाहेर येऊन पाहतात तो विहिरीवर धुळीचा लोट उभा! विहिरीची मंदिराकडची कड मुरमासकट आणि कातळासकट आत कोसळली होती.

"अप्पा! माझे अप्पा आत आहेत!" एस्तेर किंचाळत धावली.

लोक काठाशी थबकले. आत मोठमोठे धोंडे पडले होते आणि, काय सांगावे, त्या धोंड्यांच्या फटीतून गढूळ पाणी उसळून वर येत होते! ज्या पाण्यासाठी गाव तळमळत होते ते आले होते, पण त्याच्याकडे पाहून कोणाला आनंद होईना. काठावरची माती अजूनही भसाभस आत जात होती.

लहानू लिंबाखालून उठून धावत आला. कोणाशी न बोलता त्याने रहाटाचा दोर कमरेला बांधला.

"लहानू, उतरू नको! अजून खचतंय!" एकाने त्याचा दंड धरला. सगुणाही पुढे झाली.

"पंच खाली हाईत," लहानू म्हणाला. "सोडा मला."

तो उतरला. पाणी त्याच्या मांड्यांना लागले, मग कमरेला. हाताने चाचपत तो धोंड्यांच्या मधून फिरला. जे धोंडे चौघांना हलले नसते ते त्याने एकट्याने ढकलले. एकदा वर येऊन त्याने श्वास घेतला तेव्हा त्याच्या हातात शलमोनरावांचे पागोटे होते, चिखलाने माखलेले. ते पाहून एस्तेर मटकन खाली बसली. लहानू पुन्हा बुडाला, पुन्हा वर आला, पुन्हा बुडाला. शेवटी पाणी छातीच्या वर आले तेव्हा वरच्यांनी त्याला जोर लावून ओढून काढले. हातांची सालटी निघाली होती, गुडघे फुटले होते. तो एस्तेरसमोर बसून लहान मुलासारखा रडू लागला.

"घावले न्हाईत गं, पोरी. लई शोधलं. घावले न्हाईत."

सगळा माळ हुंदक्यांनी भरून गेला. कोणी गुडघे टेकले, कोणी प्रभूला हाक मारू लागले. आक्रोश थोडा ओसरला तेव्हा विहिरीपलीकडे खणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगाऱ्यामागून एक थकलेला, मऊ आवाज लोकांच्या कानी आला. तो आवाज मघापासून येत असावा, पण त्या गोंधळात तो कोणाला ऐकू गेला नव्हता.

"अरे, हळू रडा रे! मी कधीचा सांगतोय, इकडे या. आत्ता कुठे गाढ झोप लागलीय त्याला."

लोक ढिगाऱ्याला वळसा घालून धावले. पाहतात तो काय! चिंचेच्या सावलीत शांतवनबाबा मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या मांडीवर डोके ठेवून शलमोनराव झोपले होते. श्वास संथ, चेहऱ्यावरची एकूण एक आठी उतरलेली. बाबा आपल्या उपरण्याने त्यांच्या तोंडावरचे ऊन अडवीत होते. रात्री उंदीर खुडबुडला तरी ताडकन उठून बसणारा हा माणूस, आणि डोंगर कोसळल्यासारखा आवाज होऊनही त्याची पापणी हलली नव्हती! धन्य ती प्रभूची दया!

एस्तेर त्यांच्या अंगावर झेप घेणार, तोच बाबांनी हात वर केला. "पोरी, तुझे अप्पा सुखरूप आहेत. झोपू दे त्याला. किती वर्षांची झोप साठलीय." मग एस्तेर अप्पांच्या पायांशी बसली आणि बाबांनी हलक्या आवाजात घडले ते सांगितले.

दुपारी जेवण झाल्यावर बाबा नेहमीप्रमाणे ओसरीत आडवे झाले होते, पण त्या दिवशी त्यांना झोप येईना. शलमोनाकडे जा, असे कोणीतरी आतून सांगू लागले. ते काठी टेकीत विहिरीवर आले आणि त्यांनी वरून हाक मारली, "शलमोना, वर ये. ताक आणलंय."

शलमोनरावांना यायचे नव्हते. पण संताची हाक टाळायची कशी? डोक्याचे पागोटे काढून त्यांनी तिथेच खाली पहारीवर ठेवले, वर आले, चिंचेखाली बसून ताक प्याले आणि लगेच उठू लागले.

"जरा टेक की," बाबा म्हणाले.

"मला टेकायला सांगू नका, बाबा," शलमोनराव म्हणाले. जे कधी कोणाला सांगितले नव्हते ते बाहेर पडू लागले. "मागच्या दुष्काळात एस्तेरच्या आईला पटकी झाली. ओढ्यातलं पाणी पिऊन. मी तिच्या उशाशी बसून होतो. पहाटे माझा डोळा लागला, बाबा. जागा झालो तर ती गेलेली. मी झोपलो म्हणून गेली ती. तेव्हापासून डोळे मिटायची भीती वाटते. वाटतं, मी झोपलो की कोणीतरी जाईल."

बाबांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "लेकरा, तू जागा असतास म्हणून मरण दारातून परत गेलं असतं का? तू उशाशी झोपलास, पण तिचा बाप झोपला नव्हता. ती तुझ्या हातून निसटली नाही रे. त्यानं तिला आपल्या हातांनी उचलून घेतलं."

बाबांनी शलमोनरावांच्या मस्तकावर हात ठेवला. "प्रभो, हा तुझा दमलेला पोर. याला झोप दे." एवढीच प्रार्थना. शलमोनराव काहीतरी बोलायला गेले आणि ते वाक्य अर्ध्यातच राहिले. डोके बाबांच्या मांडीवर टेकले. त्यानंतर थोड्याच वेळाने कड कोसळली होती, आणि जिथे ते पहार मारीत उभे होते नेमकी तीच जागा धोंड्यांखाली गेली होती.

बायका जाऊन विहिरीत डोकावून आल्या. पाणी निवळू लागले होते. लोक तिथेच सावलीत बसून राहिले. कोणी भजन धरले, अगदी हलक्या सुरात. लहानू ओल्या अंगाने एका बाजूला टेकला होता. पंच जिवंत आहेत हे डोळ्यांनी पाहिल्यावर त्याच्यातले बळच संपले. बसल्या जागी तो कलंडला आणि मातीतच झोपी गेला.

उन्हे उतरल्यावर शलमोनरावांनी डोळे उघडले. भोवती सारा गाव! एस्तेरने गळ्याला मिठी मारून त्यांना सगळे सांगितले. ते उठले, विहिरीपाशी गेले. पाण्याकडे, धोंड्यांकडे, खचलेल्या कडेकडे बराच वेळ पाहत राहिले. मग परत आले आणि बाबांच्या पायांवर डोके ठेवू लागले.

बाबांनी पाय मागे घेतले. "मी तर सावलीत बसलो होतो," ते म्हणाले. "तुझ्यासाठी त्या पाण्यात कोण उतरलं, ते बघ."

लहानू अजून झोपलेलाच होता. हाताशी चिखलाने भरलेले पागोटे, गुडघ्यांवर सुकलेले रक्त, आणि चेहऱ्यावर जगाची काही काळजी नाही. सगुणा त्याला हलवून उठवणार होती, पण शलमोनरावांनी तिला थांबवले. ज्यांनी आजवर कोणापुढे मान लवविली नव्हती ते मंडळीचे पंच सगळ्यांच्या देखत मातीत गुडघे टेकून खाली वाकले आणि त्या झोपलेल्या माणसाच्या चिखलाच्या पावलांवर त्यांनी अलगद आपले मस्तक ठेवले.