सांध्यातला जीव

एकदा एका व्यापाऱ्याने नदीकाठच्या गावात लाकडी सांगाड्याचे घर बांधायला काढले. आधी खांब, खांबांवर तुळया, सर्वांत वर आढे आणि वासे, आणि भिंती अगदी शेवटी, अशी त्या घरांची रीत. काम एका वृद्ध सुताराकडे आले आणि त्याने ते आपल्या शिष्याच्या हवाली केले. शिष्याचे हे पहिलेच स्वतंत्र काम. आढ्यावर त्याची खूण कोरली जाणार होती, आणि त्या खुणेवरच लोक त्याला पुढची कामे देणार होते.

व्यापारी चोखंदळ होता, म्हणजे सारे काही आपल्यालाच कळते असे मानणारा होता. ऐन थंडीत, लाकूड सुकून खडखडीत झालेले असताना, तो रोज येई आणि खांबाच्या खाचेत बसवलेल्या तुळईच्या टोकाभोवती अंगठ्याचे नख घालून पाही. नख आत गेले की कपाळाला आठी. फट दिसता कामा नये, पाचरी ठोका, हे त्याचे टुमणे. शिष्याने आधी समजावून पाहिले, मग मान तुकवली. धन्याला दुखवून पहिल्याच कामाला अपशकुन कशाला, असे त्याच्या मनाने घेतले. त्याने सांध्यासांध्यात पाचरी अशा ठोकल्या की मुंगीलाही वाट उरली नाही. व्यापारी इतका खूश झाला की आढे चढवण्याच्या दिवशी त्याने गावकऱ्यांना बोलावले आणि शिष्यासाठी शाल आणवली.

त्या दिवशी वृद्ध सुतारही आला. त्याने सांगाड्याभोवती एक फेरी मारली, लाकडी मोगरी उचलली आणि सर्वांदेखत मधल्या खांबातली पाचर ठोकून बाहेर काढली. तुळई कुरकुरली आणि तिच्या टोकाभोवती बारीकशी फट दिसू लागली. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

म्हाताऱ्याला भ्रम झाला आहे, असे व्यापारी मोठ्याने म्हणाला. वृद्धाने तिकडे पाहिलेही नाही. तो शिष्याला म्हणाला, "आपल्या धंद्यात या फटीला काय म्हणतात?"

"जीव," शिष्य खाली मान घालून म्हणाला.

"मग तो का घेतलास? तुळई धरून ठेवायला आडवी खुंटी आहेच. झाड तोडलं तरी लाकूड पाणी प्यायचं सोडत नाही. पावसाळ्यात ही तुळई फुगणार. तिला जागा दिली नाहीस, तर खांब फोडून ती जागा करून घेईल. हे तुला ठाऊक होतं. ठाऊक असून मान तुकवलीस. अरे, सांध्यातला जीव नंतर गेला. तुझ्यातला आधी गेला."

एवढे बोलून त्याने मोगरी शिष्यापुढे ठेवली आणि तो बाजूला जाऊन बसला.

पाचर पुन्हा ठोक, नाहीतर चालता हो, असे व्यापाऱ्याने बजावले. शिष्याला राग आला. व्यापाऱ्याचा थोडा आणि स्वतःचा पुष्कळ. त्याने मोगरी उचलली, पुढच्या खांबापाशी गेला आणि तिथलीही पाचर काढली.

"घर माझं आहे," व्यापारी ओरडला.

"घर तुमचं, सांधा माझा. जीव ठेवूनच बांधीन. पटत नसेल तर मी निघालो, आढ्यावर माझी खूण नको."

एकाने उभ्या केलेल्या सांगाड्याला दुसरा सुतार हात लावत नाही, ही रीत व्यापाऱ्यालाही ठाऊक होती. तो दातओठ खात मागे हटला. घर शिष्याच्या मनासारखे पुरे झाले. शाल मात्र पेटीत परत गेली, वास्तुशांतीच्या पंगतीला शिष्याला बोलावणे आले नाही, आणि व्यापारी भेटेल त्याला 'फटींचे घर' म्हणून गाऱ्हाणे सांगत सुटला. त्या उन्हाळ्यात शिष्याकडे एकही काम आले नाही. वृद्धाने त्याला धीराचे शब्द कधी ऐकवले नाहीत, जेवायला मात्र रोज हाक मारली.

श्रावण निम्मा सरला तेव्हा आपले सांधे कसे आहेत हे पाहायला शिष्य न बोलावता त्या घरी गेला. दार उघडेच होते. व्यापारी मधल्या खांबाशी पाठमोरा उभा राहून तुळईच्या टोकाभोवती अंगठ्याचे नख फिरवत होता. नख कुठेच आत शिरत नव्हते आणि खांबाला एक चीरही नव्हती.

चाहूल लागून त्याने वळून पाहिले. मग व्यापारी थोडा बाजूला सरकला आणि त्याने शिष्याला खांबापाशी यायला जागा करून दिली.