झिपरूची पाठ

त्या रानात कोणाचाही स्वभाव पोटात राहत नसे, अंगावर येई. खोटं बोललं की केसांत एक गोखरू चिकटे, विनाकारण ओरडलं की दोन, आणि रुसून बसणाऱ्याला तर मोजू नयेत इतकी. गोखरू म्हणजे चहूबाजूंनी काटेरी असं एवढंसं फळ. थोडीफार सगळ्यांनाच असत, म्हणून कोणी कोणाला नावं ठेवत नसे.

झिपरू अस्वलाची पाठ मात्र गोखरांनी नुसती भरून गेली होती, आणि त्यालाच त्याचा पत्ता नव्हता. सहा उन्हाळे तो मोहाची आंबलेली फुलं खाऊन तर्र पडलेला असे. तर्र अस्वलाला काय टोचणार! एका सकाळी त्याची लेक गेंदी त्याला पाहून आईमागे लपली, आणि त्याने फुलं सोडली. थरथरला, ओकला, पण सोडली. चाळीस दिवस रानात एकटं राहून स्वारी छाती पुढे काढून घरी आली.

अस्वलांची पिल्लं मोठ्यांच्या पाठीवर बसून रान हिंडतात. गेंदीही हरखून बापाच्या पाठीवर चढली आणि किंचाळून खाली पडली.

लेकीच्या पायातला काटा दातांनी ओढत त्याची बायको दुर्पता म्हणाली, "फुलं सोडली, चांगलं केलं. पण पाठ तर तीच आणली ना."

झिपरूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्याने अस्वलं करतात तेच केलं: सालईच्या खोडाला पाठ लावून दिवसभर घासली. निम्मे काटे आणखी आत रुतले. चिडून तो झाडावरच ओरडला, तशी दोन नवी गोखरं चिकटली.

फुलं सोडलेली जनावरं रोज सकाळी तळ्याकाठी बसत. त्यांत सुळेबुवा नावाचा म्हातारा रानडुक्कर होता. त्याची मोकळी पाठ झिपरू पाहतच राहिला.

"कोणं काढले तुहे काटे?"

"म्या नाही काढले गा," बुवा म्हणाला. "तळ्याकडे पाठ करून बसाचं. मांगून कोणीतरी येते, काढते. वळून पाहिलं का निघून जाते."

"पण कोण येते?"

"पाहिलं असतं तर सांगितलं असतं ना बाप्पा."

झिपरू बसला आणि लगेच वळला. तळ्यावर नुसते तरंग. दुसऱ्या दिवशी तो सात वेळा वळला. आठव्या दिवशी दमून वळायचं राहूनच गेलं, आणि खांद्याजवळ काहीतरी टचकन सुटलं. एवढं मोठं अस्वल, पण त्याला रडू आवरेना.

मग रोज थोडी थोडी पाठ मोकळी होत गेली. मानेमागचं सगळ्यांत जुनं गोखरू मात्र तो पंजाखाली झाकून बसे.

"हे एक राहू दे," तो बुवाला म्हणाला. "लांडगे येतात तवा याच्याच जोरावर गुरगुरतो मी."

"राहू दे ना. इथं जबरदस्ती नाही," बुवा म्हणाला. "पाठीवर बसली का तुही पोरगी हनुवटी कुठं टेकवते गा?"

झिपरूने पंजाखालचं गोखरू एकदा चाचपलं. मग त्याने पंजा खाली घेतला. "घे," तो म्हणाला. कोणाला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्यानंतरही एखादं नवं गोखरू चिकटतंच, लपवून काय उपयोग! पण सकाळ झाली की तो तळ्याकडे पाठ करून बसतो.

मानेमागचं ते जुनं गोखरू सुटलं, त्या दिवशी घरी येऊन तो दारात बसला. गेंदीने आधी एक पाय ठेवून पाहिला. मग दुसरा. मग ती अख्खी वर चढली आणि बापलेक रान हिंडायला निघाले. जांभळाखालून जाताना तिची बडबड थांबली. केसांवरची पकडही सैल झाली. मानेमागे हनुवटी टेकून गेंदी झोपली होती की कुठे घसरून पडली होती? मान वळवावी, असं झिपरूच्या मनात आलं. त्याने वळवली नाही. पावलं तेवढी हळू टाकत तो चालत राहिला.