कावसाचा खेळ

डोंगराच्या कुशीत, वेळूच्या हिरव्यागार बनाशेजारी शेवंता राहायची. तिची आई टोपल्या विणायची. पण वेळूच्या धारदार कामट्यांनी आईची बोटं इतकी चिरली होती की हल्ली शाळा सोडून शेवंताच विणायला बसायची. धाकटा सदू शाळेत जायचा आणि रडत परत यायचा. अक्षरं पाहिली की तो पाटी दूर ढकलायचा.

"ताई, मी उद्यापासून जाणारच नाही!" एका सकाळी त्याने सांगून टाकलं.

शेवंता खिन्न मनाने बनात गेली. तिथे कोळ्याच्या जाळ्यात एक इवलंसं निळं फुलपाखरू धडपडत होतं. तिने त्याला अलगद सोडवलं, आणि काय नवल! निळ्या-सोनेरी पंखांची चिमुकली परी तिच्या तळहातावर उभी राहिली.

"तीन इच्छा माग, बाळ. पण स्वतःसाठी मागायचं नाही. आणि कुणाचं मन बदलायला सांगू नकोस, ते मला जमत नाही."

सदूला अभ्यास आवडू दे, हेच तर शेवंताच्या ओठांवर होतं! तिने जरा विचार केला.

"मग त्याला अक्षरांचा खेळ दे. अक्षर बरोबर लागलं की चांदणी मिळेल असा."

घरी सदूसमोर रंगीत अक्षरं लखलखू लागली. टप्, टप्, चांदण्या पडायला लागल्या! सदू हरखला. पण थोड्याच वेळात तो अक्षराकडे बघेनासाच झाला. हाताला येईल ते लावायचं, चांदणी पडली की खिशात टाकायची. खेळायला आलेल्या शेजारच्या येसूला कमी चांदण्या मिळाल्या, तशी ती मुसमुसत घरी गेली. खिसे भरल्यावर सदूही उठला.

"'क' कोणता रे?" शेवंताने विचारलं.

"मला काय ठाऊक?"

शेवंता पुन्हा बनात गेली. "परीताई, चांदण्या नकोत. शब्द लिहिला की तो खराच समोर येऊ दे. आणि चुकलं तर हसू येईल असं काहीतरी गमतीचं निघू दे."

आता सदूने आणि येसूने मिळून 'मोर' लावला. बोटाएवढा मोर थुईथुई नाचू लागला! मग 'कासव' लावताना अक्षरं उलटसुलट झाली, 'कावस' झालं. पाठीवर कवच घेतलेला एक गमत्या प्राणी "काव काव" करत निघाला. दोघं पोट धरून हसली.

"थांब, 'स' आधी हवा!" येसू म्हणाली.

"ताई," सदू धावत आला, "हत्तीतला 'त्ती' कसा लिहायचा गं? सांग ना लवकर!"

आजवर त्याने आपणहून काही विचारलं नव्हतं. शेवंताचे डोळे भरून आले.

तिसरी इच्छा मागायला ती बनात गेली, तेव्हा तिला क्षणभर आपली शाळा आठवली. पण नियम तो नियम. "माझ्या आईची बोटं बरी कर," ती म्हणाली.

घरी आई आपले हात उलटेपालटे करून बघत होती. एकही चीर उरली नव्हती! तिने शेवंताच्या हातातली अर्धी टोपली काढून घेतली.

"हे काम माझं, पोरी. उद्यापासून तू शाळेत जायचं."

खिडकीत परी मंद हसली. तिचे पंख लखलखले, सगळं घर सोनेरी उजेडाने भरून गेलं, आणि त्या उजेडातच ती विरून गेली. मोरही गेला, कावसही गेलं. साधी अक्षरं तेवढी जमिनीवर राहिली.

"ताई, बस ना," सदू अक्षरं गोळा करत म्हणाला, "आता अस्वल लिहू या."