काय आणू?

"पण यादीत माझं नाव का नाही, मिस ओडेसा?" वेंडेलने विचारलं.

अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामातलं गाव. वर्णभेदाचा काळ. चर्चच्या तळघरात सहा खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या, पुढे लांब टेबल. हा सरावासाठीचा खोटा काउंटर. खरा, फक्त गोऱ्यांना खायला-प्यायला देणारा काउंटर गावातल्या मोठ्या दुकानात होता. त्या दुकानात काळ्या माणसांनी साबण घ्यावा, मोजे घ्यावेत, कोणी अडवत नसे. काउंटरपाशी बसून कॉफी मागितली, की मात्र पोलीस येत.

उद्या सकाळी सहा जण तिथे जाऊन बसणार होते. काहीही झालं तरी हात न उगारता. कसं बसायचं, ते मिस ओडेसा शिकवत होत्या. सत्तरीच्या बाई. त्याच दुकानाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं त्यांनी केक भाजले होते. जायचं-यायचं मागच्या दाराने.

वेंडेल कायदा शिकून बॉस्टनहून परतला होता, तो यासाठीच. उद्याच्या यादीत पाच नावं लिहून झाली होती. सहावी ओळ कोरी.

"बस," त्या म्हणाल्या.

तो बसला. दोघा मित्रांनी गोऱ्या गुंडांचं सोंग घेतलं. शिव्या झाल्या. डोक्यावर साखर ओतून झाली. शेवटी खुर्चीच ओढली. वेंडेल पडला, उठला, पुन्हा बसला. चेहरा जराही हलला नाही.

"दगड आहे नुसता!" एक मित्र धापा टाकत म्हणाला.

वेंडेलला ते आवडलं. "आणखी काही असेल तर होऊन जाऊ द्या. माझी तयारी आहे. उद्या घरूनच पोटभर खाऊन निघणार. तुरुंगात जेवायला कधी देतील, काय सांगावं!"

मिस ओडेसा हसल्या. एप्रन बांधून टेबलापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

वेंडेलने डोळे मिटले, दात आवळले.

"काय आणू?"

तो वाट पाहत राहिला...

"काय आणू, साहेब?"

त्याने डोळे उघडले. "राज्यघटनेने मला इथे बसण्याचा..."

"ते आज संपलंय. दुसरं काय आणू?"

मित्र फिस्सकन हसला.

"मिस ओडेसा, तिथे असं कोणी विचारणारच नाही!"

"आणि विचारलंच तर?"

तीन आठवडे तो मार खायला शिकला होता. शिव्या, थुंकी, लाठ्या, सगळ्याला त्याच्याकडे उत्तर होतं. याला नव्हतं. केसांतली साखर कॉलरमध्ये ओघळत राहिली.

त्या थांबल्या होत्या. त्यांना घाई नव्हती.

"केक... कुठला आहे?" त्याने हळूच विचारलं.

"लिंबाचा. वर जायफळ."

"तुम्ही करायचात तो?"

"तोच. पण तिथे बसून कसा लागतो, ते मला ठाऊक नाही."

वेंडेलने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"मग... एक तुकडा. आणि कॉफी." त्याचा आवाज जरा चिरकला. "प्लीज."

त्यांनी कागद पुढे ओढला. सहाव्या ओळीवर त्याचं नाव लिहिलं. मग वाकून त्याच्या केसांतली साखर झटकली.

"उद्या घरून काही खाऊन येऊ नकोस, बाळा."